थोरलीचं बकासन

सासूबाईंचा हात मोडला तो जिन्यात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे न विचारता सांगत. "आसन करताना नाही हो. पायरी चुकले, बस." वीस-बावीस वर्षं योग शिकवणाऱ्या बाईचा हात योग करताना मोडला असं बाहेर गेलं असतं, तर हात सांधला असता, नाव सांधलं नसतं.

मनगटापासून दंडापर्यंत प्लास्टर होतं. दोन महिने या हातावर वाटीभरसुद्धा भार द्यायचा नाही आणि वर्ग बंद ठेवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंनी गुणी मुलीसारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी वर्गाचं दार उघडलं.

घर म्हणजे पुढच्या बाजूला सोफे बनवायचा कारखाना, मागे राहायच्या चार खोल्या आणि कारखान्याच्या डोक्यावर ती लांबलचक खोली, जिला सगळे वर्ग म्हणत. कारखाना थोरला मुलगा आणि त्याची बायको चालवत. तो लाकडाचे सांगाडे ठोके आणि ती त्यांना अंग देई. पट्ट्या ताणायच्या, फोम कापून बसवायचा, वर कापड ओढून खिळवायचं, हे सगळं तिचं काम. घरची थोरली सून म्हणून सगळे तिला थोरली म्हणत, आणि अंगानंही ती थोरलीच होती. दारातून शिरताना ती किंचित तिरकी होई, खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीचे पाय बघून घेई. खुर्च्यांची पारख धंद्यामुळे आली, असं ती लोकांना सांगे. ते निम्मंच खरं होतं.

वर्गाची रीत अशी, की सासूबाई बोलत आणि धाकटी सून करून दाखवी. धाकटी म्हणजे वेताची छडी. वळवावी तिकडे वळे. पण धाकट्याची बदली झाली आणि छडी दुसऱ्या गावी गेली. मग सासूबाई स्वतःच करून दाखवू लागल्या, आणि आता त्यांचाच हात गळ्यात अडकला.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं बोलून बघितलं. "उजवा पाय मागे" म्हटल्यावर निम्म्या वर्गानं डावा नेला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना सगळे बँककाका म्हणत. ते वळता वळता असे वळले, की शेवटी कपाटाला नमस्कार घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या काकांनाच पुढे उभं केलं. काका बसले तेव्हा त्यांचा गुडघा असा वाजला, की खाली कारखान्यात थोरलीला वाटलं लाकूड तडकलं. बसलेले काका तास संपेपर्यंत उठले नाहीत.

त्या दिवशी जेवताना सासूबाई डाव्या हातानं घास चिवडत होत्या. मधेच म्हणाल्या, "थोरले, उद्या वर ये."

"झाडायला?"

"दाखवायला."

थोरलीचा नवरा जेवता जेवता थांबला. थोरलीनं आधी भांडं खाली ठेवलं, मग विचारलं, "मी?"

"दुसरं कोण आहे घरात? बुडत्याला काडीचा आधार."

"काडी गेली दुसऱ्या गावाला, आई. आता ओंडका शिल्लक आहे."

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळत नसे असं नाही, पण योगाच्या बाबतीत त्या हसत नसत. "ओंडकाही तरंगतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घास चिवडू लागल्या.

आता या 'मी?' मागे एक जुनी गोष्ट होती. लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा थोरली हौसेनं वर गेली होती. सासूबाईंनी तिला मागच्या रांगेत, कपाटाशेजारी जागा दिली. पुढे वाकायचं आसन चालू झालं तेव्हा त्या मागून आल्या, तिच्या पाठीवर तळवा ठेवून दाबलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोट आत घे, म्हणजे जमेल." पोट आत घेतल्यानं जर जात असतं तर थोरलीनं ते शाळेतच घेतलं असतं. सगळ्या वर्गानं माना वळवून बघितलं. त्यानंतर ती कधी वर गेली नाही. सासूबाईंनी का म्हणून विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एकाच छपराखाली राहून दोघींनी तो विषय एखाद्या मोडक्या खुर्चीसारखा कोपऱ्यात ठेवून दिला होता.

पण कान कुठे बंद ठेवता येतात? एवढी वर्षं वरून सासूबाईंचा आवाज खाली येत होता. श्वास घ्या, हात वर, टाचा टेकवा, मान सोडा. फोम कापता कापता थोरलीला सगळा क्रम पाठ झाला होता. तिला प्रत्येक आसनाचं नाव माहीत होतं, त्यात कुठं काय दुखतं हेही लोकांच्या कण्हण्यावरून माहीत होतं. बघितलेलं मात्र त्या एका दिवसापुरतंच होतं.

भांडी आवरताना ती सासूबाईंना म्हणाली, "मी येईन. पण मला येईल तसं करीन. आणि 'पोट आत घे' म्हणायचं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते वाक्य आठवलं की नाही, कळलं नाही. "आत घ्यायचं नाही तर ठेवायचं कुठं?"

"ते मी बघते. माझं आहे."

दुसऱ्या दिवशी ढगळ सदरा आणि पायजमा घालून थोरली वर गेली, ती एकदम पहिल्या रांगेच्याही पुढे, सगळ्यांकडे तोंड करून. वर्गात एक अशी शांतता पसरली, जिचा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिनं वर बघितलं नाही. वर बघितलं तर समोर खाली जायचा जिना दिसला असता.

उभं राहायचं आसन नीट झालं. हात वर नेले, टाचा उचलल्या. तोल गेला नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "कमरेतून पुढे. कपाळ गुडघ्याकडे." थोरली वाकली. वाकली आणि अर्ध्यात थांबली.

"आणखी खाली."

"होत नाही."

"का होत नाही? पाठ तर सरळ आहे तुझी."

"मधे पोट आहे, आई."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. थोरलीचे कान तापले. ती तशीच वाकलेली, मान खाली, रक्त डोक्यात उतरलेलं. सरळ व्हावं आणि खाली जाऊन मशीनवर बसावं, असं वाटलं. पण मग तिला सोफ्याचा कोपरा आठवला. कोपऱ्यात फोम जास्त झाला की कापड बसत नाही. तेव्हा आपण कापडाला शिव्या देत नाही, फोम जरा बाजूला सारतो. तिनं पाय लांब लांब केले, अगदी चटईच्या दोन कडांपर्यंत. दोन्ही हातांनी पोट उचललं, लाजता लाजता नव्हे, कामाची वस्तू उचलावी तसं, आणि मांड्यांच्या मधल्या जागेत सोडलं. मग वाकली. जागा झाली होती. कंबर अशी सैल सुटली, की तिचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि आणखी वाकायलाही थोडी जागा उरली.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी वाकून तळव्यांकडे बघितलं.

बँककाका मागच्या रांगेतून म्हणाले, "बाई, पाय लांब ठेवलेले चालतात का हो?"

"चालतात म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "असं दिसतंय, की चालतात."

"मग इतकी वर्षं मी उगाच नाचता येईना अंगण वाकडं म्हणून घेतलं." काकांनी पाय फाकवले. त्यांचेही हात घोट्यापर्यंत पोचले. एवढ्यानं माणसाच्या चेहऱ्यावर किती उजेड पडतो, ते थोरलीनं वाकल्या वाकल्या मान उचलून बघितलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काही आसनं तिच्या अंगाला आवडली, काहींनी तिला तोंडावर आपटलं. पाठीवर झोपून पाय डोक्यामागे टाकायचं हलासन करायला गेली, तर छाती आणि पोट एकदम गळ्यावर आले. श्वास कोंडला. ती घाबरून एका अंगावर कलंडली, आणि कलंडली ती शेजारच्या मांडणीवर. मांडणीवरच्या चटया धबाधबा खाली आल्या. थोरली स्वतःच हसली, म्हणून सगळे हसले. पण रात्रभर तिला गळ्यावर काहीतरी बसल्यासारखं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात ती जिन्यातून वर चढत होती. वरच्या वळणावर वर्गातल्या दोघी चपला काढत होत्या. खालून कुणी येतंय हे त्यांना दिसत नव्हतं. एक म्हणाली, "मी पुढच्या महिन्यापासून नाही येत. योग करून माणूस असं होत असेल, तर घरी झोपलेलं काय वाईट?" दुसरी म्हणाली, "हळू बोल गं." म्हणजे बोलणं चूक नव्हतं, आवाज चूक होता.

थोरली आल्या पावली मागे फिरली. मशीनवर बसली. एक कव्हर उलटं शिवलं, उसवलं, परत उलटं शिवलं. वरून सासूबाईंची हाक आली, ती तिनं ऐकली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काम आहे." नवरा समजूतदार होता, म्हणजे अशा वेळी रंधा घेऊन दुसऱ्या टोकाला जायचं त्याला कळत होतं.

संध्याकाळी सासूबाई कारखान्यात आल्या. त्या इकडे सहसा फिरकत नसत, त्यांना भुशानं शिंका येत. एका अर्धवट सोफ्यावर, नुसत्या ताणलेल्या पट्ट्यांवर त्या बसल्या आणि शिंकल्या.

"आली नाहीस."

थोरलीनं जे ऐकलं ते सांगून टाकलं. शब्द न शब्द. सांगताना तिचा आवाज सरळ राहिला, हात मात्र कात्री उघडझाक करत होते.

सासूबाई म्हणाल्या, "कोण होती?"

"सांगणार नाही."

"बरं." मग त्या म्हणाल्या, "मी तुला एकदा म्हटलं होतं, पोट आत घे. सगळ्यांसमोर."

कात्री थांबली. "तुम्हाला आठवतंय?"

"तू अट घातलीस त्या रात्री आठवलं. झोप लागली नाही." सासूबाई प्लास्टरकडे बघत होत्या. "खरं सांगू का, मला दुसरं काही येत नव्हतं सांगायला. माझ्या गुरूंचं पोट नव्हतं, माझं नाही. जे मला कधी आडवंच आलं नाही, ते बाजूला कसं करायचं ते मी काय शिकवणार? पण तेव्हा मला वाटलं, तुझंच चुकतंय."

थोरलीनं कात्री खाली ठेवली. एवढ्या वर्षांनी आलेलं बोलणं तिनं घाईनं उचललं नाही.

सासूबाई उठल्या. टेबलावर फोमचा एक जाड तुकडा पडला होता. तो त्यांनी एका हातानं स्वतःच्या पोटाला लावला. "हा बांध मला."

"काय?"

"बांध म्हणते ना. पट्टी आहे की तुझ्याकडे."

थोरलीनं आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. मग तिनं सोफ्याची रुंद पट्टी काढली, फोम सासूबाईंच्या पोटावर आणि दुसरा छातीवर बसवून पट्टी दोन वेढे फिरवून आवळली. वेताएवढी ती बाई क्षणात घागरीएवढी झाली. एक हात प्लास्टरमधून पुढे आलेला, दुसरा पंखासारखा बाजूला. सासूबाई पुढे वाकल्या आणि अडकल्या. पुन्हा वाकल्या. त्यांना स्वतःचे पाय दिसेनात. पाय लांब केले, जरा खाली गेल्या. जमिनीवर बसायला गेल्या तर धप्पकन बसल्या, आणि उठायला गेल्या तर उठता येईना. त्या तशाच, कासव उलटावं तशा, भुशात बसून राहिल्या.

नेमका तेव्हा नवरा आत आला. त्यानं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "हा सोफा कुणाचा?" त्यानं विचारलं.

आणि सासूबाई हसल्या. योगाच्या कामात त्या पहिल्यांदाच हसल्या. हसता हसता शिंकल्या, शिंकता शिंकता फोम हलला, आणि थोरलीला इतकं हसू लोटलं, की तिला टेबलाला धरावं लागलं.

त्यांना उठवून पट्टी सोडताना थोरली म्हणाली, "पण आई, हे खरं नाही बरं का. फोम नुसता आडवा येतो. माझं पोट नुसतं आडवं येत नाही. ते मला कळतं, त्याला ऊब आहे, ते वाकताना टेकायलाही होतं. मला ते काढून ठेवायचं नाही. ते घेऊनच करायचं आहे."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला दाखव मग. एकेक आसन. तू सांग कुठं अडतं, मी सांगते काय महत्त्वाचं आहे त्यात. मधलं दोघी मिळून शोधू."

तेव्हापासून कारखाना बंद झाल्यावर दोघींचा दुसरा वर्ग सुरू झाला. हलासनाचा हट्ट सोडला. त्याऐवजी भिंतीला पाय लावून, कमरेखाली फोमची उतरती उशी घेऊन झोपायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "पाय वर आणि डोकं थंड, एवढंच तर हवं होतं." पायाचा अंगठा धरायचा होता तिथं थोरलीनं पट्टीचा फासा केला. जमिनीवरून उठायला सासूबाईंनी तिला एका कुशीवर येऊन, गुडघा खाली घेऊन उठण्याची पद्धत शिकवली. ती जमली त्या दिवशी थोरली उगीच चार-पाच वेळा बसली आणि उठली.

मोठा शोध लागला तो कामात. एका मोठ्या सोफ्याच्या बैठकीत फोम बसत नव्हता. थोरलीनं नेहमीसारखे दोन्ही तळवे फोमवर रोवले, कोपर जरा वाकवले आणि सगळं अंग हातांवर टाकून दाबलं. सासूबाई चहाचा कप घेऊन बघत होत्या.

"काय केलंस आत्ता?"

"फोम दाबला."

"पाय उचललेस."

"उचललेच असतील. नाहीतर बसत नाही तो."

"दोन्ही पाय जमिनीवरून उचललेस," सासूबाई कप ठेवत म्हणाल्या. "सगळं अंग दोन हातांवर. धाकटीला हे वर्षभर शिकवत होते, तिला जमलं नाही. तिच्या हातांत जीव नाही."

अशी बकासनाची गोष्ट निघाली. तळवे जमिनीवर, गुडघे दंडांवर टेकवायचे, अंग पुढे न्यायचं आणि पाय सोडायचे. पाण्यात उभ्या बगळ्यासारखं.

"बगळा एवढा जाड असतो का?" थोरलीनं विचारलं.

"पोटभर मासे खाल्लेला असेल," सासूबाई म्हणाल्या.

तोंडघशी पडणं हा वाक्प्रचार थोरलीनं त्या दिवसांत अक्षरशः जगून बघितला. पुढे फोमचा मोठा तुकडा अंथरलेला असे, त्यावर ती नाकावर आपटे, उठे, पुन्हा तळवे रोवी. गुडघे दंडांवरून घसरत. मग तिला कळलं, की तिचं पोट मांड्यांवर टेकू दिलं तर सगळा बांधा एक गठ्ठा होतो आणि हलत नाही. बारीक माणसाला जे स्नायूंनी आवळून धरावं लागतं, ते तिच्याकडे आयतं भरलेलं होतं. नजर मात्र पुढे ठेवावी लागे. खाली बघितलं की खाली. एका संध्याकाळी एक पाय उचलला गेला, दुसऱ्याचा अंगठा जमिनीवर राहिला. मग तोही सुटला. थोरली दोन हातांवर होती. तिला वाटलं, सोफा उचलल्यावर जसं वजन दंडांतून खाली जातं, तसंच हे जातंय. आजवर ती लोकांचं सामान उचलत आली होती. स्वतःला उचललेलं हे पहिल्यांदाच.

"नवऱ्याला हाक मारू का?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलू नका," थोरली म्हणाली, आणि पडली.

गावातल्या सगळ्या योगवर्गांचं मिळून वर्षातून एकदा क्रीडागृहात प्रात्यक्षिक होई. प्रत्येक वर्गातून एक जण एक आसन करून दाखवी. सासूबाईंनी नाव कळवलं, तेव्हा आयोजकांचा फोन आला. थोरली तिथंच कापड मोजत होती. फोनमधला आवाज तिला ऐकू येत होता. "बाई, दुसरं कुणी नाही का? म्हणजे जरा बघायला... पेपरात फोटो येतात हो."

"फोटोत ती मावेल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही कॅमेरा जरा मागे न्या." आणि फोन ठेवला.

थोरलीनं त्या कार्यक्रमासाठी स्वतःच कपडे शिवले. गडद लाल, अंगाबरोबर बसणारे. आजवर तिनं स्वतःसाठी नेहमी पडद्यासारखं शिवलं होतं, काहीतरी झाकायचं म्हणून. या वेळी सोफ्यासारखं शिवलं. शिवण नेमकी, ताण नेमका, जे आहे त्याला धरून. नवरा बघून म्हणाला, "फिनिशिंग चांगलं आहे." एवढं कौतुक त्यानं लग्नातही केलं नव्हतं.

क्रीडागृह भरलं होतं. सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून पुरता सरळ होत नव्हता. त्या पुढच्या रांगेत बसल्या. त्यांच्या मागे बँककाका आणि सगळा वर्ग. आधीच्या वर्गांतली मुलंमुली आली आणि रबरासारखी वळून गेली. टाळ्या झाल्या. मग थोरलीचं आसन पुकारलं गेलं.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. तीच ती, ओळखीची. पण या वेळी थोरलीनं समोर बघितलं. रांगाच्या रांगा माणसं. त्यांत बारीक होती, बेढब होती, वाकलेली होती. कडेच्या खुर्च्यांवर काही जण असे बसले होते, की खुर्चीच्या हातांमध्ये अडकल्यामुळे त्यांनी एक कुल्ला बाहेर ठेवला होता. ती बैठक थोरलीला लांबूनही ओळखता येत होती.

ती उकिडवी बसली. तळवे रोवले, बोटं पसरली. पोट मांड्यांवर येऊ दिलं. गुडघे दंडांवर चढवले. कुजबुज थांबली. ती पुढे झुकली. एक पाय सुटला, दुसरा सुटला.

सभागृहात कुणी खोकलंही नाही. थोरली दोन हातांवर, लाल कपड्यात, स्थिर. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, कोंडलेला नव्हे, लांब लांब. पुढच्या रांगेत सासूबाई डोळे न मिटता बसल्या होत्या, आणि त्यांचा अवघडलेला हात नकळत समोरच्या कठड्यावर असा दाबला गेला होता, जणू तोल त्याच सांभाळत होत्या.

मग तिनं पाय खाली घेतले. हळूच, आवाज न करता. उठून उभी राहिली, तेव्हा टाळ्यांचा जो लोट आला तो आधीच्या टाळ्यांसारखा नव्हता. बँककाका उभे राहिले, गुडघ्याचा विचार न करता. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तो तिचा नवरा होता. त्याला शिट्टी येते हे तिला माहीत नव्हतं.

निवेदक ध्वनिक्षेपक घेऊन पुढे आला. चांगल्या मनानंच त्यानं विचारलं, "वहिनी, योगानं किती वजन कमी झालं तुमचं?"

"अजिबात नाही," थोरली म्हणाली. "मी ते कमी करायला नव्हते आले. उचलायला आले होते."

आधी दोन-चार जण हसले, मग सगळं सभागृह. तेवढ्यात कॅमेरावाला मंचाच्या पायरीशी आला, ओशाळून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. मी बघतच राहिलो, फोटो काढायचा राहून गेला. एकदा परत होईल?"

"मागे जा जरा," पुढच्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या. "सगळी आली पाहिजे."

थोरली पुन्हा उकिडवी बसली. या वेळी पाय आपसूक सुटल्यासारखे सुटले. कॅमेरावाला मागे सरकत सरकत एका खुर्चीवर आपटला, आणि ते बघून थोरलीला हसू आलं. हसली की पडणार, हे तिला ठाऊक होतं. ती हसली. पोट हललं, दंड हलले, सगळं अंग गदगदलं, आणि ती पडली नाही.

कार्यक्रम संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर चार-पाच बायका आणि एक आडव्या बांध्याचा पोलीस उभे होते. कुणी पुढे होत नव्हतं. शेवटी औषधाचं दुकान चालवणारी एक बाई पुढे आली. थोरलीएवढीच, कदाचित जास्तच. ती म्हणाली, "मला ते बगळ्याचं नको. मला नुसतं नातवाशी जमिनीवर बसून खेळायचं आहे. बसता येतं, पण उठवायला माणूस लागतो."

थोरलीनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? हे तुझं खातं."

थोरलीनं पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, त्या लांबरुंद व्हरांड्यात फरशीवर बसली आणि शेजारची जागा तळव्यानं पुसली.

"बसा," ती म्हणाली. "उठायचं मी शिकवते."

औषधवाली बसली. मग पोलिसानं इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून खिडकीत ठेवली आणि तोही बसला.